वाचता वाचता : गाळलेली पाने



या पावसाळ्यात पाच पुस्तके हाताशी घेतली. चार पुरी झाली, एक अर्ध्यात टाकले. टाकलेल्याचे आधी सांगून मोकळे होतो. 'यशस्वी व्हा' छापाचे ते पुस्तक स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर स्वस्तात मिळाले म्हणून घेतले होते. पहाटे चारला उठा, आरशासमोर उभे राहून स्वतःला शाबासकी द्या, की यश आपोआप दार ठोठावते, असा त्याचा एकंदर मतलब. आमच्या शेजारचे एक गृहस्थ तीस वर्षे पहाटे चारला उठून पहिल्या पाळीला गेले. त्यांच्या दाराकडे यश का फिरकले नाही, याचा उलगडा चाळीस पानांपर्यंत झाला नाही. पुस्तक मिटले आणि खालच्या भंगारवाल्याला देऊन टाकले.

बाकी चार पुस्तकांवर लिहायचे आहे. पण ती वाचत असताना आमच्या पिशवीत आणखी एक वाचन होते. ते छापलेले नाही. आमच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आक्काच्या, दोनशे पानी तीन वह्या. वय वर्षे ७६. आयुष्यभर कारखान्यात पॅकिंगचे काम केले आणि गेल्या दोन वर्षांत स्वतःचे सारे जिणे निळ्या शाईने लिहून काढले. कुणाला सांगितले नाही. भाच्याला वह्या सापडल्या तेव्हा तो त्या घेऊन आमच्याकडे आला. म्हणाला, "मामा, छापून घेऊ. आप्पांच्या स्मृतिदिनाला वस्तीत वाटू. फक्त काही पानं आहेत मधली, ती तुम्हीच बघा काय करायचं ते."

ती पाने कुठली, हे त्याने सांगितले नाही. सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या वहीत चौदा पाने आहेत. आमचे दाजी वस्तीतले मानाचे कार्यकर्ते. विहारासाठी घरोघर वर्गणी गोळा केली, पोरांना शाळेत घातले, आजही त्यांचा फोटो मंडळाच्या खोलीत आहे. त्या दाजींनी आक्कावर हात टाकल्याच्या रात्री त्या चौदा पानांत आहेत. आम्ही पेन्सिल घेतली आणि त्या पानांना पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कंस घातला. दाजींचे नाव, वस्तीचे नाव, चळवळीचे नाव, असा विचार केला. मग वह्या कपाटात ठेवल्या आणि पुस्तके वाचायला बसलो.

पहिले पुस्तक बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं'. पूर्वी वाचले होते, पण ते वाचनालयाचे होते. या वेळी ६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या स्टॉलवरून स्वतःचे घेतले. आधी 'स्त्री' मासिकातून हे लेखन आले आणि १९८६ साली त्याचे पुस्तक झाले. वीरगावचा महारवाडा, आषाढातले सण, अंगात येणाऱ्या बाया, बाळंतिणीच्या पोटात अन्नाचा कण नसणे, हे सगळे बेबीताई असे लिहितात की वाचताना आपण त्या अंगणात उभे असतो. पुस्तकाच्या नावातच 'आमुचं' आहे. 'मी' फार थोडी आहे. सारा वाडा बोलतो. सासवांनी सुनांना कसे छळले, त्यांच्या सांगण्यावरून नवऱ्यांनी सुनांची नाके कापली, तेही बेबीताईंनी झाकले नाही. वाड्याबाहेरच्यांनी केलेला जुलूम सांगताना वाड्याच्या आत काय चालले होते ते सांगायला त्या कचरल्या नाहीत, म्हणून हे पुस्तक आम्ही मोठे मानतो. आमची एकच तक्रार आहे. शेवटाकडे लेखन जरा भाषणाच्या अंगाने जाते. पण तेवढे चालायचेच.

आमची भाची कॉलेजात शिकवते. तिच्याकडे या पुस्तकाचा माया पंडित यांनी केलेला, २००८ साली निघालेला इंग्रजी अनुवाद आहे. त्याच्या शेवटी बेबीताईंची एक मुलाखत आहे. भाचीने एका रविवारी ती आम्हाला मराठी करून ऐकवली. बेबीताईंचे फलटणला किराणा मालाचे छोटे दुकान होते. सामान ज्या रद्दी कागदात यायचे ते कागद त्या वाचायच्या. दुकानात बसून लिहायच्या आणि लिहिलेले घरच्या माणसांच्या नजरेस पडणार नाही अशा जागी दडवून ठेवायच्या. कित्येक वर्षे दडवले. कुणापासून? नवऱ्यापासून. मुलाखतीत त्यांनी सांगितले आहे की एकदा सभेसाठी दोघे मुंबईला निघाली होती. डब्यात गर्दी होती. काही पोरे त्यांच्याकडे बघत होती, तेवढ्यावरून नवऱ्याला संशय आला आणि त्याने असे मारले की नाकातून रक्त आले.

भाची वाचत होती आणि आम्ही मध्येच म्हणालो, "थांब, हे पुस्तकात कुठं आहे?"

"पुस्तकात नाहीये मामा. मुलाखतीतच आहे."

म्हणजे परक्या सुनांची कापलेली नाके पुस्तकात आली आणि स्वतःचे रक्ताळलेले नाक बाहेर राहिले. का, तेही बेबीताईंनी सांगितले आहे. हे दुःख घरोघरच्या बायांचे होते आणि समाजाचे दुःख सांगणे त्यांना अधिक मोठे वाटले. त्यांचा हा निर्णय त्यांचा स्वतःचा होता. त्यावर आम्ही बोलणार नाही. पण पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून उघडले तेव्हा 'आमुचं' या शब्दाचे वजन वेगळे लागले. आम्हीही या सदरात 'आम्ही' म्हणतो. ती सदर लिहिण्याची जुनी रीत आहे. बेबीताईंच्या 'आमुचं'मध्ये सारा वाडा मावला. आमच्या 'आम्ही'च्या आड मात्र पुष्कळदा एकच माणूस लपलेला असतो.

दुसरे पुस्तक उर्मिला पवार यांचे 'आयदान', २००३ सालचे. कोकणातल्या वाचकांना आयदान म्हणजे काय ते सांगायला नको. बांबूच्या पट्ट्या काढून विणलेली सुपे, टोपल्या, रोवळ्या. घाटावर हा धंदा बुरूड समाजाचा, कोकणात तो आपल्या बायांच्या हातात होता. लेखिकेची आई आयदाने विणून घर चालवत होती, आणि आईचे विणणे व आपले लिहिणे यांचा धागा एकच आहे असे लेखिका सांगते. सुरुवातीची पाने आम्ही दोनदा वाचली. डोक्यावर भारे घेऊन डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या बाया, त्यांची चेष्टामस्करी, शिव्या, पायांना आलेले फोड. दुःख सांगताना हसवणारे लेखन आपल्याकडे फार कमी आहे. उर्मिलाताईंना ते साधले आहे.

पण पुस्तकाचा दुसरा भाग आम्हाला जास्त जड गेला. मुंबईतले घर, सरकारी नोकरी, मुले सांभाळून केलेले एम. ए., आणि नवऱ्याचे म्हणणे असे की आधी घरचे सारे उरक, मग काय करायचे ते कर. नवरा वाईट माणूस नाही. शिकलेला, नोकरी करणारा, बायकोवर प्रेम करणारा. तरी बायको सभेला गेली की घरात तोंडे फिरतात. तरुण मुलगा गमावल्याचे दुःखही याच पुस्तकात आहे, त्यावर आम्ही इथे काही लिहू शकत नाही. ज्याने त्याने ते वाचावे. पुस्तक आले तेव्हा 'घरातले उणे बाहेर कशाला' असे कुजबुजणारे आमच्या ओळखीत बरेच होते. खरे सांगतो, त्यांत आम्हीही होतो. तेव्हा आम्ही हे पुस्तक वाचलेले नव्हते. न वाचता मत देण्यात आमचा हात कुणी धरणार नाही.

या लेखिकेचे आणखी एक काम विसरू नये. मीनाक्षी मून यांच्याबरोबर त्यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केले, १९८९ साली. आंबेडकरी चळवळीत उतरलेल्या बायांना घरोघर जाऊन भेटून, बोलते करून लिहिलेले. १९४२ सालच्या नागपूरच्या महिला परिषदेच्या अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे होत्या, हे आमच्या वस्तीतल्या किती पदाधिकाऱ्यांना सांगता येईल? आम्हालाही या पुस्तकाआधी येत नव्हते.

आता कथेकडे येतो. एका वाचक भगिनीने आम्हाला मागे पत्रातून विचारले होते की खऱ्या माणसांची आत्मकथने असताना कल्पनेतल्या गोष्टी कशाला वाचायच्या. प्रश्न रास्त आहे. आपल्या घरातल्या फळीवर बघितले तर आत्मकथने ओळीने दिसतात आणि कथासंग्रह शोधावे लागतात. आम्ही उत्तर शोधत बाबुराव बागुलांकडे गेलो. त्यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ चा, 'मरण स्वस्त होत आहे' १९६९ चा. बागुलांची 'आई' नावाची एक कथा आहे. पूर्वी कधीतरी वाचली होती, या खेपेला रात्री साडेअकराला वाचली आणि झोप गेली.

गोष्ट एवढीच. बाप क्षयाने गेलेला. आई तरणी विधवा, मजुरी करते. मुलगा शाळेत जातो. वर्गात गुरुजी आईवरची कविता शिकवतात आणि त्याच वेळी पोरे त्याला त्याच्या आईचे आणि मुकादमाचे नाव घेऊन टोचतात. वस्तीच्या जिभा, मुलाचा संशय, आईची मुलासाठीची धडपड आणि तिच्या स्वतःच्या देहाची तहान, सगळे एकाच झोपडीत कोंडलेले. शेवटी मुलगा जे बघतो ते बघून पळत सुटतो आणि आईला त्याच्यामागे धावायचे असते, पण मुकादमाच्या मिठीतून तिला सुटता येत नाही.

आता विचार करा. हीच गोष्ट कुणी मुलगा आत्मकथनात लिहील का? लिहिली तरी तो दारातून पळालेला मुलगा म्हणूनच लिहील. आत त्या बाईच्या मनात काय झाले ते त्याला दिसणार नाही, दिसले तरी हात लिहिणार नाही. आपल्या आत्मकथनांतली आई बहुतेक वेळा उपाशी राहून भाकरी देणारी, राबणारी, सोसणारी असते. ते खोटे नाही, आमचीही तशीच होती. पण तिला कधी हसावेसे, नटावेसे वाटले का, हे विचारायची आपली हिंमत नाही. बागुलांना झाली, कारण ती कुणा एकाची आई नव्हती. गोष्टीतली आई होती. भगिनीला आमचे उत्तर हे आहे. जे नात्यामुळे लिहिता येत नाही ते कधी कधी गोष्टीत लिहिता येते. 'जात चोरली'मधली रेल्वेत नोकरी लागलेल्या, खोली मिळवण्यासाठी जात लपवणाऱ्या तरुणाची कथा सर्वांना ठाऊक आहे. तिच्यावर पुन्हा केव्हातरी लिहू.

एक अपवाद मात्र इथे सांगितलाच पाहिजे. दया पवारांचे 'बलुतं', १९७८. स्वतःच्या पहिल्या बायकोला संशयावरून टाकून दिल्याचे त्यांनी त्यात कबूल केले आहे. सोसलेले लिहिणारे पुष्कळ, आपण केलेले लिहिणारा विरळा. 'बलुतं'वर आपल्याच लोकांनी उकिरडा उकरला म्हणून टीका केली होती. आज तेच पुस्तक आपण पोरांच्या हाती अभिमानाने देतो.

चौथे पुस्तक लांबचे आहे. अमेरिकेतले कृष्णवर्णीय लेखक रिचर्ड राइट यांचे 'ब्लॅक बॉय'. इंग्रजी आहे, आम्ही शब्दकोश शेजारी ठेवून महिनाभर वाचले. निग्रो साहित्य म्हणून औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातल्या मंडळींनी ज्याची ओळख मराठीला करून दिली, आणि ज्या लढ्यातल्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली दलित पँथरने नाव घेतले, त्या जगातले हे आत्मकथन. राइट १९०८ साली मिसिसिपी राज्यात जन्मले. बाप घर सोडून गेलेला, पोटात कायमची भूक. एक प्रसंग आमच्या डोळ्यांपुढून जात नाही. आई लहानग्याला सामान आणायला पाठवते, रस्त्यातली पोरे त्याला मारून पैसे हिसकावतात. तो रडत घरी येतो. आई पुन्हा पैसे देते, हातात काठी देते आणि सांगते की सामान घेतल्याशिवाय घरात यायचे नाही. दार लावून घेते. पोर काठी घेऊन जाते. आमच्या गिरणगावातल्या किती आयांनी हेच केले असेल!

आणि वाचनाचे वेड असणाऱ्यांनी तर मेम्फिस शहरातला भाग जरूर वाचावा. तिथल्या सार्वजनिक वाचनालयात काळ्या माणसाला पुस्तक मिळत नसे. राइट कामावरच्या एका गोऱ्या सोबत्याचे कार्ड घेतो, जणू त्या गोऱ्यानेच लिहिली आहे अशी चिठ्ठी तयार करतो आणि सांगकाम्या पोऱ्या बनून काउंटरवर जातो. ग्रंथपाल बाई विचारते, ही पुस्तके तू तर वाचत नाहीस ना? तो सांगतो, मला वाचताच येत नाही. वाचायची एवढी भूक असलेला माणूस, आणि वाचता येत नाही असे सांगावे तेव्हा पुस्तक हाती पडते. आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभे राहिलो.

पण या पुस्तकाची खरी गोष्ट पुस्तकाबाहेर आहे. राइट यांनी लिहिलेले हस्तलिखित आज मिळते त्याच्या पूर्वार्धावर थांबत नव्हते. दक्षिणेतून पळून ते उत्तरेत शिकागोला गेले, तिथेही माणूस म्हणून जगणे सोपे नव्हते, कम्युनिस्ट पक्षातही घुसमट झाली, हे सारे पुढे होते. घरोघर पुस्तके पाठवणाऱ्या एका मोठ्या बुक क्लबच्या आग्रहावरून तो दुसरा भाग काढून टाकला गेला आणि १९४५ साली पुस्तक अर्धेच निघाले. शेवटी आशेचे चार शब्द जोडले गेले, म्हणजे वाचकाला वाटावे की उत्तरेला पोचला की पोर सुटला. उरलेला भाग १९७७ साली स्वतंत्र पुस्तक म्हणून आला. तेव्हा राइट जाऊन सतरा वर्षे झाली होती. दोन्ही भाग एकत्र, लेखकाच्या मनातल्यासारखे छापायला १९९१ साल उजाडले. क्लबवाल्यांचा हेतू त्यांना ठाऊक. आम्हाला मात्र असे वाटते की दूरच्या दक्षिणेतल्या गोऱ्यांचा अन्याय वाचायला उत्तरेतल्या वाचकांची हरकत नव्हती. अंगणातला अन्याय मात्र नको होता.

इथे कपाटातल्या वह्या आठवल्या. पेन्सिल आम्हीच चालवली होती.

वाचकांपासून आता लपवत नाही. दाजींच्या नावासाठी कंस घातला असे वर लिहिले, ते अर्धेच खरे आहे. १९७४ साल असावे. आम्ही तेव्हा आक्काकडे राहून रात्रशाळेत शिकत होतो. एकच खोली, मध्ये जुन्या लुगड्याचा पडदा. दाजी उशिरा मिटिंगवरून आले, कशावरून तरी वाजले आणि आम्ही पडद्याच्या अलीकडे भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. वय एकोणीस. उठलो असतो तर उठता आले असते. आक्काने चौदा पानांत आमच्यावर दोनच ओळी खर्चल्या आहेत. भाऊ जागा होता, त्याचा श्वास झोपेतल्यासारखा नव्हता, एवढेच. पुढे आमच्याविषयी तक्रार नाही. सकाळी भावाला डबा दिला, तो शाळेला गेला, असे पुढचे वाक्य आहे.

गेल्या रविवारी वह्या घेऊन आक्काकडे गेलो. ती मेथी निवडत होती. वही हातात घेऊन तिने नेमकी तीच पाने उघडली.

"ह्ये कंस कसलं रं?"

"जरा बघायचं होतं, आक्का. ठेवायचं का काय ते."

"ह्यात खोटं काय हाय?"

"खोटं काही नाही."

"मग?"

आम्ही गप्प. ती पुन्हा मेथी निवडू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "मला सही करता येत न्हवती. पगाराला अंगठा लावायची. त्यांनीच पाटी आणली, रोज रात्री बसवून अक्षरं गिरवून घेतली. ते बी लिवलंय पहिल्या वहीत. वाचलंस का?"

"वाचलं."

"त्याला कंस न्हाई केलास. दोन्ही त्यांनीच केलं. दोन्ही राहू दे."

"आणि माझं?"

"तुझं दोन वळी तर हायेत. जास्त लिवू का?" असे म्हणून ती हसली. आम्हाला हसता आले नाही.

तिच्या नातीच्या कंपासपेटीतून रबर घेतले आणि तिथेच बसून कंस पुसले. वहीचा कागद हलका, त्यामुळे दोन ठिकाणी शाईही फिकी झाली. ती अक्षरे आक्काने चष्मा लावून पुन्हा गिरवली. भाच्याशी अजून बोलणे व्हायचे आहे. तो नाराज होणार हे नक्की. पहिली वही मंगळवारी डीटीपीवाल्याकडे टाकली आहे. पानामागे तीस रुपये म्हणतो, वर आक्काचे अक्षर लागत नाही म्हणतो. म्हणून संध्याकाळी दोन तास आम्ही त्याच्या शेजारी बसून वाचून दाखवतो. दुसरी वही पुढच्या आठवड्यात लागेल.